चढ, गुडघे आणि ‘साकु’

घरात ई-सायकल आहे असे कळले की पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती वॅटची?’ दुसरा असतो, ‘एका चार्जिंगला किती किलोमीटर जाते?’ आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, ‘केवढ्याला पडली?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आमच्याकडे मोटर निवडायची वेळ आली तेव्हा या तिन्हींच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागला. चढ कोणता आणि गुडघे कोणाचे?

गुडघे आमच्या आप्पांचे. वय ७३. प्राथमिक शाळेतली मास्तरकी त्यांनी काळ्या, २८ इंची सायकलवर निभावली. निवृत्तीनंतरही वडगावातून भाजी मार्केट, वाचनालय, बँक, सगळे सायकलवरच. स्कूटर ते कधी शिकलेच नाहीत. दोन्ही गुडघ्यांची झीज निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, ‘पाय फिरवणे चालू ठेवा, ते चांगलेच आहे. पण चढावर उभे राहून पायडल दाबणे बंद.’

चढ आत्तीच्या गावचा. आप्पांची ही थोरली बहीण कन्नड बोलणाऱ्या घरात दिलेली, शहरापासून नऊ किलोमीटरवर. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे, बरेचसे अंथरुणावरच. दर गुरुवारी आप्पांनी तिच्याकडे जायचे, दोन तास बसायचे, जेवून परतायचे, हा कित्येक वर्षांचा रिवाज. बस फाट्यावर सोडते आणि तिथून गावापर्यंत दीड किलोमीटरचा चढ. गुडघे बसले तसे दोन गुरुवार मी त्यांना गाडीवरून सोडले. मग कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि ओळीने चार गुरुवार चुकले. आत्तीचा फोन आला, ‘तम्म याक बरलिल्ल?’ त्या दिवशी आप्पा जेवताना काही बोलले नाहीत. ‘मी सोडीन’ हे उत्तर पुरेसे नाही, हे मला तेव्हा कळले. कोणी सोडायला लागणे हेच त्यांना नको होते.

मी शिकवते मराठी. मोटर, वॅट, व्होल्ट हा माझा प्रांत नव्हे. पण आमच्याच स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे एक सहकारी आहेत. डबा खाता खाता त्यांनी मला हा विषय ज्या रीतीने समजावला, त्याच रीतीने तो इथे मांडते.

ई-सायकलची मोटर दोन ठिकाणी बसते. एक, चाकाच्या मध्यभागी. तिला हब मोटर म्हणतात. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकली याच प्रकारच्या. दुसरी, पायडलच्या एक्सलपाशी, ती मिड-ड्राइव्ह. हब मोटर थेट चाक फिरवते, चेन आणि गिअर यांच्याशी तिला कर्तव्य नाही. मिड-ड्राइव्ह आपल्या पायांसारखी चेन ओढते, त्यामुळे मागच्या चाकाचे गिअर तिच्याही कामी येतात. कल्पना जुनी आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये ‘पास’ नावाची सायकल आणली, तिची मोटर पायडलपाशीच होती आणि पायाचा जोर ओळखून ती मदत करत असे.

सपाट रस्त्याला हब मोटर उत्तम. रचना साधी, देखभाल कमी, चेनवर ताण नाही. ज्यांची ये-जा सपाटीवर आहे त्यांनी मिड-ड्राइव्हच्या खर्चात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण लांब चढावर येते. चाक मंद झाले की हब मोटरही मंद फिरते, आणि ठरावीक वेगाच्या निम्म्याखाली फिरणारी मोटर विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवते. बॅटरी उतरते, मोटर तापते, आणि नेमकी गरज असते तेव्हा जोर कमी पडतो. मिड-ड्राइव्हमध्ये गिअर हलका केला की चाक मंद चालते, पण मोटर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. बैलगाडीचा चढ आणि लॉरीचा पहिला गिअर आठवला की हा मुद्दा लगेच पटतो.

म्हणजे मिड-ड्राइव्ह घ्यायची तर सायकलला गिअर हवेत. इथे आप्पांच्या काळ्या सायकलीचा प्रश्न आला. त्यांना त्याच सायकलीला मोटर बसवून हवी होती. आमच्या सायकल मेस्त्रींनी ती उलटी करून पाहिली आणि मान हलवली. मागे एकच फ्रीव्हील, १८ दातांचे, पुढे ४४. पायडलचा एक फेरा झाला की सायकल सव्वापाच मीटरांहून जास्त पुढे जाते. चढावर ताशी दहा किलोमीटरने चढायचे तर मिनिटाला जेमतेम ३१ फेरे पडणार. मोटरला हवेत ६० ते ८०. शिवाय कॉटर पिनचे क्रँक, रॉडचे ब्रेक आणि स्टीलची रिम, जी पावसात भिजली की ब्रेकला दाद देत नाही. मोटर लावून वेग आणि वजन वाढवायचे आणि थांबायची सोय जुनीच ठेवायची, हे मेस्त्रींना मंजूर नव्हते. ‘मॅडम, आधी थांबायचं बघायचं, मग पळायचं,’ ते म्हणाले.

शेवटी मेस्त्रींनीच एक वापरलेली, २६ इंची, स्टीलच्या फ्रेमची सात गिअरची सायकल शोधून दिली. किट बसवायच्या सायकलीत काय पाहायचे, तेही त्यांच्याकडूनच शिकले. ज्या नळीत पायडलचा एक्सल बसतो तिला बीबी शेल म्हणतात. बाजारातली बहुतेक मिड-ड्राइव्ह किट ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या शेलसाठी असतात, आणि आतला व्यास साडेतेहतीस मिलिमीटरच्या आसपास लागतो. मोटर उजवीकडून त्या नळीत सरकवायची आणि डावीकडून नट आवळायचे. पैसे मोजण्याआधी मोजपट्टी लावावी. हे माप जुळले नाही तर किट कितीही भारी असो, ते टेबलावरच राहते. युरोपात बॉश, शिमानो यांच्या मोटरी मुळात त्यांच्यासाठीच घडवलेल्या फ्रेममध्ये बसून येतात. तिथे एकीची मोटर काढून दुसरीची बसवण्याचा प्रश्नच नसतो. सुट्या किटमध्ये बाफांग आणि टोंगशेंग ही दोन चिनी नावे सगळ्यात जास्त ऐकू येतात.

आता किती वॅट? माझा थोरला भाऊ पुण्याला असतो. त्याचा आग्रह १००० वॅटच्या मोटरीचा. ‘थोडे पैसे जास्त जातील, पण आप्पा चढावर मध्येच अडकायला नकोत,’ हे त्याचे म्हणणे. त्याची काळजी खरी होती, म्हणून त्याला उत्तरही आकड्यांनीच द्यायचे ठरवले. सहकाऱ्यांनी हिशेब करून दिला आणि आप्पांनी तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा तपासला. मास्तरच ते.

आप्पा ६२ किलो, मोटर-बॅटरीसह सायकल २४ किलो, पिशवी ४ किलो, एकूण ९०. चढ दीड किलोमीटरला सुमारे ८५ मीटर, म्हणजे शंभराला साधारण सहा. एवढे वजन त्या चढावर ओढायला सुमारे ५३ न्यूटन बल लागते. टायरचे घर्षण आणि हवा यांचे दहा धरले की झाले ६३. ताशी ११ किलोमीटरने चढायचे तर शक्ती लागते १९० वॅटच्या थोडी वर. त्यातले पन्नास वॅट आप्पा गुडघे न दुखवता देऊ शकतात. उरले १४०. म्हणजे २५० वॅटच्या मोटरीला हा चढ चढूनही शिल्लक उरते. शिवाय मोटरवर लिहिलेले २५० वॅट हे ती सतत किती देऊ शकते त्याचे असतात. थोडा वेळ ती त्याहून बरीच जास्त देते. युरोपात कायद्याने सायकलच्या मोटरीची सतत शक्ती २५० वॅटवर बांधलेली आहे. आल्प्सच्या डोंगरवाटा चढणाऱ्या सायकलीही त्याच मर्यादेतल्या.

जोराचा दुसरा आकडा असतो न्यूटन-मीटरचा. तीस किलोचा भार आडव्या आलेल्या पायडलवर टाकला तर क्रँकवर सुमारे ५० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. आम्ही घेतलेल्या २५० वॅटच्या मोटरीवर ८० लिहिलेले आहे. शिमानोने २०२० मध्ये डोंगरी सायकलींसाठी आणलेली ईपी८ मोटर ८५ ची. तेव्हा १६० चा आकडा पाहून भुलायचे कारण नाही. तो सगळा पीळ शेवटी चेन आणि फ्रीव्हीलचे दात यांनाच सोसायचा असतो.

कायद्याचाही एक मुद्दा आहे, आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असला, वजन-ब्रेक वगैरे बाकीच्या अटी पाळल्या, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. १००० वॅटची मोटर लावली की ती या सवलतीबाहेर जाते. मग कोणाला धक्का लागला तर हाताशी विमा नाही आणि कागदही नाहीत. दादाला मी एवढेच विचारले, ‘दादा, आप्पांनी आयुष्यभर शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही. त्यांना बिननोंदणीच्या गाडीवर बसवायचे का?’ त्याने विषय तिथेच संपवला.

खरा पेच पुढे होता, आणि तो जाहिरातीत कोणी सांगत नाही. मोटरीला मदत कधी करायची हे कसे कळते? त्याचे दोन प्रकार. टॉर्क सेन्सर पायडलवर किती जोर पडतो ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. तुम्ही जास्त दाबा, ती जास्त देते. चालवायला हे इतके नैसर्गिक वाटते की आपलेच पाय तरुण झाले असा भास होतो. दुसरा केडन्स सेन्सर. तो फक्त पायडल फिरतेय का, हे पाहतो. जोर लावा वा न लावा, फेरा सुरू झाला की ठरलेली मदत मिळते. जाणकार मंडळी पहिला प्रकार वरचढ मानतात, आणि धडधाकट माणसासाठी तो आहेही. पण आमच्या डॉक्टरांचे वाक्य काय होते? पाय फिरवा, दाबू नका. ज्याला दाबायचेच नाही त्याला दाबल्यावर मदत करणारी मोटर काय कामाची? मदतीची पातळी वाढवून टॉर्क सेन्सरलाही हलक्या जोरावर बोलते करता येते, हे खरे. तरी आम्ही केडन्स सेन्सरचीच घेतली. महागाची वस्तू बाजूला ठेवून साधी उचलताना दुकानदाराने माझ्याकडे जरा दयेने पाहिले.

केडन्स सेन्सरची एक खोड आहे. सुरुवातीला मोटर एकदम ओढते. सिग्नलपाशी पाय टेकून उभ्या असलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला तो झटका नको. मेस्त्रींच्या भाच्याने केबल लावून सुरुवातीचा प्रवाह कमी केला, मदत हळूहळू चढेल असे केले. दोन्ही ब्रेकच्या दांड्यांना स्विच असतो. ब्रेकला बोट लागले की मोटर बंद. तो बसवून तपासल्याशिवाय आप्पांना रस्त्यावर जाऊ दिले नाही. एक बटण दाबून धरले की सायकल माणसाच्या चालीने शेजारून चालते, अशीही सोय आहे. पुलाचा चढ हातात सायकल धरून चढताना आप्पांना ती फार आवडते. ‘शहाणे बैल असते तसे चालते,’ ते म्हणतात.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. गुणाकार केला की ३६० वॅट-अवर. हाच आकडा अंतराचा खरा हिशेब सांगतो. किलोमीटरला सुमारे दहा वॅट-अवर खर्च धरला तर आत्तीच्या गावची १८ किलोमीटरची फेरी निम्म्या बॅटरीत होते. खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो, तिथे स्वस्ताई करू नये.

२०२४ च्या मार्चमध्ये सायकल तयार झाली. जुन्या सायकलीची घंटी आणि कॅरिअर आप्पांनी स्वतः काढून नव्या सायकलीला लावले. काळी सायकल अजून व्हरांड्यात आहे. तिच्यावर आई पापडाचे फडके वाळत घालते.

मग आला आपला पाऊस. तांबडी माती चेनमध्ये गेली, आणि दसऱ्याच्या सुमारास चढावर चेन दात सोडून उडू लागली. दादाने फोनवर पुन्हा मोठ्या मोटरीचा विषय काढला. आता अपग्रेड करायचेच तर नीट कर, म्हणाला. मेस्त्रींनी कोपऱ्यातली स्टीलची फूटपट्टी आणली. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंच भरतात. आमचे एक सोळांश इंचाहून जास्त भरत होते. ‘मोटर जोर देते मॅडम, पण सोसते चेन,’ त्यांनी सांगितले. मिड-ड्राइव्हची ही किंमत आहे. घेणाऱ्याने ती आधीच मनात धरावी. चेन वेळेवर बदलली तर स्वस्तात सुटतो. नाही बदलली तर ती फ्रीव्हीलचे दातही खाते.

तेव्हा आम्ही अपग्रेड केले, पण मोटर तीच ठेवली. चेन नवी. मागचे फ्रीव्हील १४-२८ दातांचे होते, ते काढून १४-३४ चे घातले. मिनिटाला ६० फेऱ्यांवर २८ च्या दातावर सायकल ताशी पावणेबारा किलोमीटरने चालत होती. ३४ वर साडेनऊच्या आसपास चालते. मोटर तीच, पाय तेच, पण चढ हलका झाला. त्यावर एक गिअर सेन्सर बसवला. गिअरची तार हलली की तो क्षणभर मोटर तोडतो, म्हणजे जोर असताना चेन एका दातावरून दुसऱ्यावर ओढली जात नाही. तो येईपर्यंत आप्पांना एकच नियम होता. गिअर चढाच्या आधी बदला, चढावर नको. पुढच्या ब्रेकचे ठोकळे बदलले. बीबीचे नट पुन्हा आवळले, कारण मोटर आपल्या जोराने फ्रेममध्ये किंचित फिरू पाहते. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर आणि पुढे अधूनमधून ते तपासावेत.

अपग्रेडच्या नावाखाली दोन गोष्टी सुचवल्या जातात, त्यांना मात्र आम्ही नाही म्हटले. एक, ३६ व्होल्टच्या मोटरीला ४८ व्होल्टची बॅटरी. पूर्ण चार्ज झाल्यावर पहिली ४२ व्होल्ट देते, दुसरी ५४.६. ज्या कंट्रोलरवर तेवढे व्होल्टेज लिहिलेले नाही त्याला ते देणे म्हणजे त्याचा अंत पाहणे. आणि अशा घरात दोन चार्जर झाले की अदलाबदल होते. लिथियम बॅटरीला चुकीचा चार्जर लावणे हा आगीशी खेळ आहे. दुसरी सूचना होती आतले नायलॉनचे दातेचाक काढून पितळेचे बसवण्याची. अनेक मिड-ड्राइव्हमध्ये एक चाक मुद्दाम नायलॉनचे असते. आवाज कमी होतो, आणि आत काही अडकलेच तर स्वस्तातले तेच चाक बळी जाते. खूप वजन घेऊन रोज डोंगर चढणाऱ्याने पितळेचा विचार जरूर करावा. आठवड्याला एक चढ चढणाऱ्या आप्पांना त्याची गरज नव्हती.

आत्तीच्या घरी जेवताना सून वाढायला येते, ‘इन्न स्वल्प?’ म्हणते, आणि आप्पा ताटावर हात आडवा धरून म्हणतात, ‘साकु.’ आपण दोन भाषांत वाढलेली माणसे. ‘पुरे’ आपल्याकडेही आहे, पण ‘साकु’त पोट भरल्याचे जे समाधान आहे ते मला ‘पुरे’त कधी सापडले नाही. ‘पुरे’त कधीकधी वैताग असतो. मोटर निवडताना आणि वाढवताना मला हाच शब्द सतत आठवत राहिला. आकड्यांचा बाजार आपल्याला सारखे वाढत असतो. आणखी वॅट, आणखी व्होल्ट, आणखी वेग. आपला चढ मोजलेला असेल, आपले गुडघे माहीत असतील, तर ताटावर हात आडवा धरता येतो.

तेव्हापासून पावसाच्या झडीचे दोन गुरुवार सोडले तर आप्पांची फेरी चुकलेली नाही. बॅटरी आणखी काही वर्षांनी बदलावी लागेल, तेव्हा दादा नवे आकडे पाठवील आणि आप्पा कॅलेंडर उलटे करून हिशेब मांडतील. आत्तीला यातले काही सांगितलेले नाही. तम्म सायकलवरून येतो, एवढेच तिला ठाऊक आहे. तो निघाला की ती अंथरुणातूनच सांगते, ‘सावकाश होगप्पा.’